मंगळवारी समुद्राला सुट्टी

आराबा माणसांचे चेहरे बघायची नाही. पाय बघायची.

सेकोंडी या बंदरगावातल्या जुन्या थिएटरच्या दारात एक लांब बाक होता. त्यावर बसून ती तिकिटं फाडायची. समोर येऊन थांबलेल्या चपलेवरून तिला कळायचं, हा रेल्वेच्या शेडमधला, हा बंदरावरचा, हा कालही येऊन गेलेला. अर्धं तिकीट परत देताना ती मान वर करत नसे. लोक म्हणत, आराबामावशी आपल्याला गुडघ्यापर्यंतच ओळखते.

खेळ सुरू झाला की ती दार ओढून घ्यायची आणि त्याच बाकावर आत तोंड करून बसायची. तिथे नवे सिनेमे येत नसत. तीच जुनी रिळं फिरून फिरून यायची. घोड्यांवरच्या मारामाऱ्यांची, तलवारीची, आणि हिंदी. हिंदीतलं अक्षरही कुणाला कळत नसे, पण गाणी अख्ख्या गावाला पाठ होती. एकच सिनेमा वर्षानुवर्षं बघितला की त्यातली गोष्ट झिजून जाते. मग गोष्टीखालचं काहीतरी दिसायला लागतं. आराबाला ते दिसू लागलं होतं.

जुन्या सिनेमात ज्याचं मरण ठरलेलं असतं, त्याचे पाय आधी दिसतात. चेहरा मागून येतो. जिना उतरणारे बूट, उंबऱ्यावर अडलेली चप्पल, वाळूत रुतणारी टाच. हे तिला तरुणपणीच कळलं होतं, आणि एकदा कळल्यावर ते चुकल्याचं तिला आठवत नव्हतं. पोरं मध्येच मागे वळून विचारायची, "मावशी, हा जगतो का?" ती म्हणायची, "बूट बघितलेस ना त्याचे? मग आत्ताच रडून घे, नंतर गर्दी होईल." सगळं थिएटर हसायचं. तो माणूस मरायचाच.

हिंदी सिनेमातला नियम वेगळा होता. त्यात भावंडं लहानपणी हरवतात. हरवताना जे चालू असतं, गाणं असो की खेळ, तेच पुढे कधीतरी पुन्हा सुरू होतं आणि ती सापडतात. आईबापांनी जन्मभर शोधून उपयोग नसतो. तो खेळ पुन्हा सुरू व्हावा लागतो.

वर मशीन चालवणारा बेन्तसिल म्हातारा होता. त्याला सगळे एग्या म्हणत, म्हणजे बाबा. तो म्हणायचा, "आराबा, ज्यांनी हे सिनेमे काढले त्यांनाही एवढं माहीत नसेल."

"माहीत कशाला हवं?" ती म्हणायची. "घडतंय ना त्यांच्या हातून."

एक तुकडा मात्र असा होता, की तो लागला की ती कुणाशी बोलत नसे.

स्वातंत्र्याच्या आधी सिनेमाची गाडी गावोगाव फिरायची. डासांबद्दल, कोकोच्या किडीबद्दल चित्रं दाखवायची. एकदा त्या गाडीबरोबरच्या गोऱ्या माणसाने कोळीवस्तीतच कॅमेरा लावला. दुकानाच्या भिंतीसमोर दोन मुली खेळत होत्या, त्यांचं हलतं चित्र घेतलं. पुढे ते चित्र कुठून कसं फिरत आलं कोण जाणे, बेन्तसिलच्या हाती लागलं. सहा मार्चला, त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या दिवशी, मुख्य सिनेमाच्या आधी तो ते लावायचा. त्याला आवाज नव्हता. मिनिटभराचंच चित्र. कॅमेऱ्याकडे तोंड करून आहे ती एकुआ. पाठमोरी आहे ती आराबा.

एकुआ आराबाची थोरली बहीण. चित्रात दोघी आम्पे खेळतायत. त्या किनाऱ्यावर आम्पे येत नाही अशी मुलगी नसेल. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, टाळी वाजवून उडी मारायची, आणि जमिनीवर येताना एक पाय पुढे टाकायचा. खेळाआधीच वाटणी होते. एकीची जोडी, दुसरीची विजोड. दोघींनी डावा टाकला किंवा दोघींनी उजवा टाकला, की जोडीवालीचा गुण. एकीचा डावा आणि दुसरीचा उजवा पडला, की विजोडवालीचा. दहा गुण झाले की डाव संपला. पाय सारखा बदलता ठेवायचा, त्यातच चपळाई. एकच पाय पुढे करत राहणाऱ्या मुलीला सगळ्या मिळून लंगडी म्हणतात, आणि ते नाव लवकर पुसलं जात नाही.

एकुआ नेहमी विजोड घ्यायची. उडीआधी ती एक टाळी जास्त वाजवायची, ती तिची सवय. एखादा गुण तिचा जायचा, डाव कधीच नाही. आराबा रडायची, चिडायची, पुन्हा उभी राहायची.

मग एका मंगळवारी एकुआ किनाऱ्यावर गेली. मंगळवारी तिथे कुणी जाळं टाकत नाही. तो दिवस समुद्राचा स्वतःचा. होड्या वर ओढलेल्या असतात, वाळू मोकळी असते. तिला खेळायला मोकळी जागा हवी होती. ती परत आली नाही. ती मिळाली नाही, तिचं कापडही मिळालं नाही.

त्यानंतर आराबाने आम्पे खेळणं सोडलं. पण दर वर्षी थिएटरच्या बाकावर बसून ती एकुआचे पाय बघायची. डावा, डावा, उजवा, डावा. कोणत्या पायानंतर कोणता, हे तिने पाठ केलं होतं. आपण का हरायचो, ते तिला शोधून काढायचं होतं. एवढ्या सिनेमांची गुपितं तिला सापडली होती. या एका तुकड्याचं सापडत नव्हतं. तुकडा संपायचा तेव्हा एकुआ हवेत असायची. शेवटचा पाय कोणता पडला, हे त्यात नव्हतंच.

हे तिचं सिनेमाचं जग. घरी मुलगी होती, एवुरामा, आणि एवुरामाची मुलगी सुमिना.

सुमिना म्हणजे केराचा ढीग. एवुरामाची आधीची दोन बाळं बसायला लागण्याआधीच गेली होती. असं झालं की पुढच्या बाळाला असंच नाव ठेवतात. गालावर तीन बारीक चरे देतात. नेणाऱ्याला वाटावं, हे कुणाच्या कामाचं नाही. त्या घरात तर जन्माचा वारही लपवला होता. कारण वार कळला की नाव कळतं. मंगळवारची आराबा, बुधवारची एकुआ, शुक्रवारची एफुआ. वार सांगितला की माणूस सांगितल्यासारखंच. सुमिना बुधवारी जन्मली होती. हे सुईणीला, एवुरामाला आणि आराबाला माहीत होतं. सुईण पुढे वारली. बाकी सगळ्यांना, शाळेलाही, शुक्रवार सांगितला होता.

एवुरामा तिला प्रेमाने कधीच हाक मारायची नाही. "ए घाणे, जेवायला ये. नाहीतर कोंबड्यांना घालते." मुलगी हसत यायची. सात वर्षांची झाली होती. आधीच्या दोघांपेक्षा कितीतरी जास्त जगली होती, पण त्या घरात हे मोठ्याने कुणी म्हणत नसे.

फेब्रुवारीत कधीतरी आराबाच्या लक्षात आलं, की सुमिना आवारात एकटीच आम्पे खेळते. आवाराच्या भिंतीकडे तोंड करून. मुलं असं करतात. आराबा केंके बांधत बसली होती. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे केळीच्या पानांत गुंडाळायचे, सुंभाने बांधायचे. हात आपोआप चालतात, डोळे मोकळे असतात. तिचे डोळे सवयीने पायांकडे गेले.

सुमिना टाळी वाजवायची आणि लगेच उडी मारायची नाही. जरा थांबायची. समोरच्या कुणाची तरी आणखी एक टाळी व्हायची बाकी असावी, तशी.

आराबाच्या हातातलं पान फाटलं.

सुमिना प्रत्येक उडीनंतर मोठ्याने सांगायची, "जोडी," किंवा "विजोड, तुझा." तिने स्वतः जोडी घेतली होती हे उघड होतं. मग आराबा मनात हिशोब करू लागली. पोरीने डावा टाकला आणि विजोड म्हणाली, म्हणजे समोरचीने उजवा टाकला. डावा टाकला आणि जोडी म्हणाली, म्हणजे समोरचा डावा. असे एकेक करून ती समोरचे पाय जुळवत गेली. जिथे कुणी उभं नव्हतं तिथले. मग ते तिने चित्रातल्या एकुआच्या पायांशी ताडून बघितले. ते जुळेनात. कुठूनही सुरुवात केली तरी जुळेनात.

तिने नवीन पान घेतलं. ती नव्हे, असं स्वतःला म्हणाली. पोर नुसती खेळतेय.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आराबाच्या ध्यानात आलं, की हा खेळ मंगळवारीच असतो. बाकीच्या दिवशी सुमिना शेजारच्या मुलींबरोबर दोरीवर उड्या मारते, भिंतीकडे बघतही नाही. तिने पोरीला जवळ बोलावलं, तोंडात माशाचा तुकडा घातला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कुणाशी खेळतेस गं?"

"तिच्याशी."

"ती कोण?"

"मंगळवारची. तिला मंगळवारीच सुट्टी असते."

"नाव काय तिचं?"

सुमिना चघळत म्हणाली, "माझंच."

"केराचा ढीग? आणखी एकीला असलं नाव ठेवलं का कुणी?"

"ते नाही गं आजी. माझं खरं. ती म्हणते, आपण दोघी एकुआ."

आराबाने तिची माशाने तेलकट झालेली बोटं पुसली. हळूहळू, एकेक करून. मग म्हणाली, जा, हात धू.

संध्याकाळी एवुरामा बंदरावरून रिकामी टोपली घेऊन आली. आराबाने तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, पोरीला तिचा वार सांगितलास का, चुकून, रागात, कसाही. एवुरामाने टोपली खाली ठेवली. ती म्हणाली, "आई, मी तो वार मनातसुद्धा म्हणत नाही." तिचा आवाज असा होता, की आराबाने पुढे काही सांगितलं नाही.

पण पोरीला मात्र आराबाने पुन्हा गाठलं, कोंबड्या आत घालताना. डाव कशावर लावलाय, म्हणून विचारलं. सुमिनाने सगळं सांगितलं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. आतापर्यंतचे सगळे डाव ती हरली होती. ते नुसते शिकायचे होते. खरा डाव पुढच्या मंगळवारी. जी हरेल तिने दुसरीच्या घरी राहायला जायचं.

"कुठे आहे तिचं घर?"

सुमिनाने हनुवटीने दाखवलं. गल्लीच्या टोकाकडे, जिथे घरं संपतात. "तिथे. ती म्हणते, खाली खूप जागा आहे."

पोरीला त्या दिवशी खोलीत कोंडावं, असं आराबाच्या मनात आलं. पण खेळ चालायचा ते आवारही बंदच असायचं. आणि आधीची दोन्ही बाळं बंद खोलीतच गेली होती, आईच्या कुशीत, दाराला कडी असताना. दार लावून काय होतं, ते त्या घराला माहीत होतं. खेळू नकोस म्हणून सांगावं, तर शब्द दिलेला होता. एकुआला दिलेला शब्द. तो मोडणारी मुलगी आराबाने पाहिली नव्हती. आता एकच गोष्ट उरत होती. पोरीला जिंकायला हवं होतं. आणि एकुआशी कसं जिंकायचं, हे आराबाला जन्मभर कळलं नव्हतं.

त्या वर्षी सहा मार्च मंगळवारीच आला.

सुट्टीमुळे दुपारचाही खेळ होता. आराबाला घरीच थांबायचं होतं. पण त्याच दिवशी तो तुकडा लागणार होता, आणि एकुआचे पाय पुन्हा एकदा बघायला दुसरी जागा नव्हती. तिने एवुरामाला सांगितलं, मी येईपर्यंत हिला चुलीपाशी तुझ्यासमोर बसव, आवारात सोडू नकोस. का, म्हणून एवुरामाने विचारलं. आराबा म्हणाली, मी मागाहून सांगते. एवुरामाने पोरीचा हात धरला तो घट्ट.

थिएटर भरलं होतं. मिरवणुकीहून आलेली पोरं झेंडे घेऊन बसली होती. मंगळवार, त्यामुळे कोळीही आले होते. आराबाने दार ओढलं आणि ती आत तोंड करून बसली. दिवे गेले. तुकडा सुरू झाला.

आणि पहिल्याच उडीला एकुआने उजवा टाकला.

तिथे डावा असतो. इतकी वर्षं तिथे डावा होता. मग पुन्हा उजवा. मग डावा. पाठ केलेलं सगळं उलटं चाललं होतं. आराबाने बाकाची कड धरली. तेवढ्यात पोरं ओरडायला लागली, "एग्या, उलटं लावलंय! पाटी वाचा की!" खरंच, मुलींच्या मागच्या दुकानाची पाटी आरशात दिसावी तशी दिसत होती. जुनी फीत तुटली होती आणि बेन्तसिलने जोडताना तो तुकडा पालथा जोडला होता. डावं ते उजवं झालं होतं. आवाज नव्हताच, म्हणून लावून बघेपर्यंत त्याला कळलं नाही. वर त्याने आपल्याच कपाळावर हात मारला असेल.

पाठांतर मोडल्यामुळे आराबाचे डोळे एकुआवरून घसरले. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पाठमोऱ्या मुलीवर गेले. स्वतःवर. तिने स्वतःचे पाय कधी बघितलेच नव्हते. कशाला बघेल? आपले पाय आपल्याला माहीत असतात.

तिने उजवा टाकला. पुढच्या उडीला एकुआने उजवा टाकला.

तिने डावा टाकला. पुढच्या उडीला एकुआने डावा टाकला.

एवढंच होतं. एकुआला स्वतःचा पाय नव्हताच. ती समोरचीचा मागचा पाय तिलाच परत करत होती. आराबा पाय बदलायची, म्हणून विजोड पडायची. प्रत्येक मुलगी पाय बदलते. न बदलेल ती लंगडी. म्हणून एकुआ हरायची नाही. उलट लावा, सुलट लावा, ते तसंच राहत होतं. इतकी वर्षं आराबा बहिणीचे म्हणून जे पाय पाठ करत होती, ते तिचे स्वतःचेच होते. एक उडी मागे पडलेले.

मग तिने सुमिनाचे पाय आठवले. भिंतीसमोरचे, केंके बांधताना बघितलेले. पोरीने काय टाकलं, आणि त्या न दिसणाऱ्या मुलीने पुढे काय टाकलं. तिने पहिला आठवला, दुसरा आठवला.

ते जुळत गेले.

मुख्य सिनेमाचे ढोल वाजू लागले तेव्हा दारावरचा बाक रिकामा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

घराच्या आवारात शिरताना तिला टाळी ऐकू आली. चुलीपाशी एवुरामा बसल्या जागी झोपली होती, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं. दिवसा कधी न झोपणारी बाई. तिची मूठ अजून कुणाचा तरी हात धरल्यासारखी आवळलेली होती. सुमिना भिंतीसमोर उभी होती. घामाने निथळत होती आणि रडायच्या बेतात होती.

"किती झाले?" आराबाने विचारलं.

"ती नऊ. मी चार."

"तुझा शेवटचा पाय?"

"डावा."

"सरक."

आम्पेत हे चालतं. धाकटी थकली की घरातली थोरली तिच्या जागी उतरते, गुण तेच राहतात. आराबाने कमरेचं कापड वर खोचलं, चपला काढल्या आणि ती भिंतीसमोर उभी राहिली. समोर पोपडे उडालेला चुना होता. बाकी काही नव्हतं.

"ती बघतेय का?"

"हो," सुमिना म्हणाली. "तुला ओळखत नाहीये. म्हणते, ही म्हातारी कोण?"

आराबाने टाळी वाजवली. थांबली. दुसरी टाळी तिला ऐकू आली नाही, पण केव्हा वाजली ते कळलं. तिने उडी मारली आणि डावा टाकला. गुडघ्यातून कळ मस्तकापर्यंत गेली.

"जोडी," सुमिना म्हणाली.

पुन्हा डावा.

"जोडी."

शेजारीण धुणं वाळत घालायला बाहेर आली आणि दोरीपाशीच थांबली. तिने विचारलं, या वयात भिंतीला नाचून दाखवतेस का, आराबा? नवरा मागतेस की काय तिच्याकडे? आराबाने टाळी वाजवली. पुन्हा डावा. जोडी. शेजारीण हसायची थांबली. पिळलेलं कापड तसंच हातात घेऊन ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

"आजी, ती तुला म्हणतेय..."

"काय म्हणतेय?"

"लंगडी."

"म्हणू दे." डावा.

"जोडी. आठ झाले." जरा वेळाने सुमिना हलक्या आवाजात म्हणाली, "आता ती हसत नाहीये."

डावा. नऊ आणि नऊ.

आराबाला धाप लागली होती. डावा गुडघा आता धरेल की नाही कळत नव्हतं. आणि अंगातलं लहानपण सांगत होतं, बदल, आता बदल, तिला कळलंय, ती आता उजवा टाकेल. एकुआ हुशार होती. पण चित्रातल्या मुलीला एकच गोष्ट येत होती, आणि ती मोठी झाली नव्हती. आराबाने टाळी वाजवली. थांबली. उडी मारली. डावा टाकला.

सुमिना भिंतीकडे बघत राहिली.

"सांग की गं."

"जोडी," सुमिना म्हणाली.

आराबा जमिनीवरच बसली. मागे चुलीपाशी एवुरामा दचकून जागी झाली आणि मुलीच्या नावाने ओरडली, घाणे, कुठे गेलीस. सुमिना तिथेच होती. आराबाने तिला ओढून मांडीवर घेतलं. तिचे पाय हातांनी चाचपले. ते गरम होते, धुळीने भरलेले होते.

"गेली का ती?" आराबाने विचारलं.

सुमिनाने नाही म्हणून मान हलवली. "हरली ना ती. विचारतेय, तिची चटई कुठली."

आराबाने जिंकायचं तेवढं ठरवलं होतं. पुढचं तिच्या मनातच आलं नव्हतं. जी हरेल तिने दुसरीच्या घरी राहायला जायचं. तिने आवाराकडे बघितलं. दोरी, कोंबड्या, चूल, चुलीपाशी उभी असलेली एवुरामा. मग ती उठली. आत जाऊन तिने स्वतःची चटई पसरली आणि भिंतीकडच्या बाजूला हात फिरवून ती जागा साफ केली.

त्यानंतर ती चटईच्या अर्ध्यावरच निजायची. जेवायला बसताना केंकेचा एक गोळा पानातून सोडून बाजूला ठेवायची. सकाळी तो तसाच असायचा, फक्त समुद्राच्या पाण्यासारखा खारट झालेला. एवुरामाला तिने त्या दिवसाबद्दल काही सांगितलं नाही, आणि एवुरामानेही विचारलं नाही. काही दिवसांनी आराबा म्हणाली, पोरीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायला आता हरकत नाही. एवुरामाने भीत भीत मारली. सुमिना लगेच ओ देत नसे. जरा थांबायची, मान वळवून बघायची. आधी दुसरी कुणी ओ देते का, हे बघून मग उत्तर द्यायची.

मंगळवारी ती एकटी खेळेनाशी झाली. कुणी विचारलं तर म्हणायची, आता खेळायचं कशाला, घरीच तर असते.

जुलैच्या एक तारखेला थिएटरचा शेवटचा खेळ होता. पुढच्या रविवारपासून तिथे प्रार्थना सुरू होणार होत्या. पडद्याच्या जागी क्रूस लावायचा ठरला होता. त्या दिवशीही बेन्तसिलने तो तुकडा लावला. मार्चमधली चूक त्याला लागून राहिली होती. त्याने फीत सोडवून पुन्हा नीट जोडली होती. आराबाने तिकिटं फाडली, दार ओढलं, पण ती आत तोंड करून बसली नाही. तुकडा चालू असताना ती रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय बघत राहिली. आतून कुणी ओरडलं नाही.

मुख्य सिनेमा सुरू झाल्यावर बेन्तसिल खाली आला. मशीन चालू असताना तो कधी खाली यायचा नाही. दारात उभा राहून त्याने कपाळ पुसलं.

"आराबा."

"बोला, एग्या."

"तो तुकडा मी सरळ केला. पाटी नीट वाचता आली."

"बरं झालं."

तो घुटमळला. मग म्हणाला, "लोक खूश झाले. म्हणत होते, बघा मावशी लहानपणी कशा भिंतीसमोर उड्या मारतायत." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "आराबा, मी म्हातारा झालो. डोळ्यांचा भरवसा नाही. त्या तुकड्यात तू पहिल्यापासून एकटीच होतीस का गं?"

आराबा रस्त्याकडे बघत राहिली.

"एकटीच होते," ती म्हणाली.

बेन्तसिलने सुस्कारा सोडला. त्याला बरं वाटलं असावं. तो बाकावर बसायला वाकला, तसा आराबाने मध्ये हात घातला.

"इथे नको, एग्या," ती म्हणाली. "या बाजूला बसा."